जुई झाली तेव्हाची गोष्ट

जुईला झोपायला गोष्ट लागायची आणि रोज तीच लागायची. कोल्हा नको, राजा नको, चांदोमामा तर मुळीच नको. दुपारचं जेवण झालं की ती उशी ओढत आईच्या कुशीत यायची, एक पाय आईच्या पोटावर टाकायची आणि हुकूम सोडायची, "माझी सांग."

"तुझी कुठली?" ओवी मुद्दाम विचारायची.

"मी झाले तेव्हाची."

मग ओवी सुरू करायची. तू पोटात होतीस आणि तुला बाहेर यायची फार घाई झाली. तू एवढीशी होतीस, बाबाच्या बुटाएवढी.

"डाव्या बुटाएवढी."

डाव्या. डॉक्टरांनी तुला काचेच्या पेटीत ठेवलं. नाकात नळी, डोक्यावर टोपी. बाबाला आत सोडायचे नाहीत, तो बाहेर बाकावर. आई आत, पेटीशेजारी स्टुलावर बसलेली. आईला काहीच करता येत नव्हतं. दूधसुद्धा येत नव्हतं. शेजारच्या पेटीत सुरय्यामावशीचं बाळ होतं.

"ते देवाघरी गेलं," जुई सांगायची. मिरजेला गेलं म्हणावं इतक्या सहज.

हो. तरी मावशी रोज दारापर्यंत यायची आणि तिचं दूध तुझ्यासाठी देऊन जायची. मग तिनं बाकीच्या आयांनाही गोळा केलं, बाटल्यांवर नावं चिकटवली, आणि खोलीतल्या सगळ्या पिल्लांची पोटं भरली. आई मात्र स्टुलावरच. मग एक दिवस आईनं भीत भीत पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घातला.

"डावा हात."

डावा. आणि करंगळी तुझ्या तळहाताला टेकवली. तुझं नख तांदळाच्या कणीएवढं. आणि तू काय केलंस?

जुई मूठ वळून आईची करंगळी गच्च धरायची. गोष्टीचा शेवट तोच होता. ती पकड सैल पडेपर्यंत पोरीला झोप लागलेली असायची, आणि ओवी तशीच पडून राहायची. एका हातानं किती कामं होतात हे तिला त्या दुपारींनी शिकवलं होतं.

ओवी चौगुले सांगलीजवळच्या एका दूध संघात गुणवत्ता विभागात होती. कॅनचं झाकण उघडलं की ती नाकानं सांगायची, हे दूध कालचं आहे, या गाईनं लसूणघास जास्त खाल्लाय, हा कॅन नीट धुतलेला नाही. मग संघात दूध चाखून तपासणारी यंत्रजीभ आली. तिला नाक नव्हतं, पण ती चुकायची नाही आणि सर्दीही व्हायची नाही. ओवीला त्या यंत्राशेजारी खुर्ची दिली. यंत्र म्हणेल त्याला "हो" म्हणायचं, एवढंच काम.

"पुढच्या वर्षी ही खुर्चीही जाईल," व्यवस्थापकांनी तिला बोलावून सांगितलं. माणूस चांगला होता, म्हणून आधी सांगितलं. "संघ आता निर्णय घेणारीच माणसं ठेवणार. आणि ती घेणार पुण्याजवळच्या त्या डोंगरावरच्या संस्थेतून. तिथं तुमचा प्रवेश झाला तर जागा राखून ठेवायला मी भांडेन. नाही झाला, तर माझ्याही हातात काही नाही."

डोंगरावरच्या संस्थेत शिरणं पूर्वी निबंधावर अवलंबून असे. पण यंत्रं निबंध लिहू लागली, सगळेच अर्जदार सारखेच थोर दिसू लागले, आणि संस्थांनी निबंध वाचणं सोडून दिलं. त्या जागी साक्षी आली. साक्षी म्हणजे कपाळावर बांधायचा मऊ पट्टा. माणूस खरं घडलेलं आठवतो तेव्हा मेंदूत आधी वास, उजेड, आवाज जागे होतात आणि शब्द मागून येतात. रचून सांगतो तेव्हा उलटं होतं, आधी जुळवाजुळव आणि मग चित्र. हा फरक निमिषाचा असतो, पण पट्ट्याला तो कळतो. अर्जदारानं समितीसमोर आपल्या आयुष्यातला एक प्रसंग सांगायचा आणि साक्षीनं तो जगलेला आहे की नाही ते सांगायचं. थापा संपल्या, असं सगळ्यांना वाटलं होतं.

थापा संपल्या, पण शिकवण्या संपल्या नाहीत.

वसुधा नाडकर्णींचं ऑफिस कोल्हापुरात, एका दातांच्या दवाखान्याच्या वर होतं. खालून ड्रिलचा आवाज यायचा. त्या प्रवेश-मार्गदर्शक होत्या. त्यांचे विद्यार्थी डोंगरावर जायचे, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं.

"मॅडम नको, वसुधा म्हण," त्या म्हणाल्या. ओवीला ते काही जमलं नाही. "सांग, आयुष्यात काय केलंस?"

ओवीनं कॉलेजातलं स्नेहसंमेलन सांगितलं. संपाच्या वेळी दूध नासू दिलं नाही ते सांगितलं. वसुधाबाई चहात बिस्कीट बुडवत ऐकत होत्या.

"यानं समिती झोपेल. पट्टासुद्धा झोपेल. लेकरू आहे म्हणालीस ना? बाळंतपण कसं झालं?"

ओवीनं सांगितलं. पेटी, स्टूल, सुरय्या. बिस्कीट चहात पडलं तरी बाईंचं लक्ष नव्हतं.

"म्हणजे दूध संघातली बाई, आणि दुधाविना तडफडणारी बाळं. आणि तू आयांना गोळा केलंस, बाटल्यांवर नावं..."

"मी नाही. सुरय्यानं."

"तू स्टुलावर बसली होतीस."

"हो."

"स्टुलावर बसलेली बाई कुणालाच नको असते गं. मलाही नको असते आणि मी स्वतः बरीच वर्षं स्टुलावर काढली आहेत." त्या हसल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि छान समजावलं, कारण त्या शिक्षिकाच होत्या. आठवण म्हणजे ट्रंकेत ठेवलेला फोटो नव्हे. ती कुंभाराच्या मडक्यासारखी असते, पण एक गंमत आहे. दरवेळी आठवलं की ते मडकं पुन्हा ओलं होतं. मेंदूतले तिचे सांधे सुटे होतात, आणि पुन्हा घट्ट व्हायला काही तास जातात. हे निसर्गतःच होतं. म्हणून तर दोन भावंडांना एकच बालपण वेगवेगळं आठवतं. नाकात मारायचा एक फवारा आहे, तो फक्त मातीला जास्त वेळ ओली ठेवतो. तेवढ्यात आपण आकार द्यायचा. पुनःपुन्हा सांगून, वास-उजेडासकट. वाळली की ती तुझीच आठवण.

"म्हणजे खोटं."

"खोटं पट्टा पकडतो. मी खोटं शिकवत नाही." त्यांनी चमच्यानं बिस्कीट बाहेर काढलं. "त्या खोलीत तू होतीस. दूध होतं, बाटल्या होत्या. आपण फक्त तुला स्टुलावरून उठवणार."

ओवीनं दोन शनिवार विचार केला आणि एक अट घातली. करंगळीला हात लावायचा नाही.

"करंगळी तुझी," वसुधाबाईंनी कबूल केलं. "आपण तिकडं फिरकणारच नाही. पण मग तूही पथ्य पाळायचं. फवारा घेतल्यावर दिवेलागणीपर्यंत त्या दवाखान्यातलं दुसरं काहीही मनात आणायचं नाही. जे मनात येईल ते ओलं होईल, आणि ओलं ओल्याला चिकटतं. फोटो नको, बोलणं नको, आणि मुलीला ती गोष्ट तर बिलकूल नको. माझ्यासमोर तू जे सांगशील तेवढंच ओलं."

सकाळी कोल्हापूर, दुपारी परत. शनिवारी जुईला झोपवायचं काम निनादकडे होतं. निनाद ओवीचा नवरा, फिजिओथेरपिस्ट. त्याला हे आवडलं नव्हतं, पण आडवाही आला नाही. "तुला नाकानं जगायची सवय," एवढंच म्हणाला, "खुर्चीत बसून हो-हो करताना बघवत नाही मला." त्यानं जुईला समजावलं की आईची गोष्ट शनिवारी सुट्टीवर जाते. जुईनं ते मान्य केलं. गोष्टींनाही सुट्टी हवीच.

ओवी डोळे मिटून बसायची, फवाऱ्यानं घसा कडू व्हायचा, आणि बाई हळू आवाजात तिला त्या खोलीत न्यायच्या. स्टूल कुठं आहे? सरकव बाजूला. हातात काय आहे? बाटली. गार आहे? दवबिंदू आलेत? नाव चिकटव. निळी शाई. कुणाचं नाव? ओवीला शाईचा वास येऊ लागला. तो खरंच आला, हेच तर भयंकर होतं.

त्यानंतरच्या एका शनिवारी ती घरी पोचली तर निनाद दारातच बूट घालत होता. त्याचा एक म्हातारा पेशंट न्हाणीघरात पडला होता. "जुईला ताप आहे," तो म्हणाला. "औषध दिलंय. तुझ्याशिवाय झोपत नाही म्हणते. जाऊन येतो."

पोर तापानं फणफणली होती. डोळे लाल, ओठ सुकलेले. तिनं पाय आईच्या पोटावर टाकला. "माझी सांग."

"आज सुट्टी आहे ना गोष्टीला?"

"मला बरं नाही."

ओवीनं कोल्ह्याची सांगून पाहिली. चिऊची सांगितली. जुई रडली नाही, हट्टही केला नाही. नुसती छताकडं बघत राहिली, आणि मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "नुसता शेवट सांग. मुठीचा."

कोणत्या आईनं काय केलं असतं? नुसता शेवटच तर होता. ती आठवण वेगळी, बाईंची वेगळी, असं ओवीनं स्वतःला सांगितलं. तिनं खिडकी सांगितली, डावा हात सांगितला, तांदळाची कणी सांगितली. जुईनं करंगळी धरली आणि झोपली. ओवी तिच्या गरम मुठीकडं बघत राहिली. सगळं जागच्या जागी होतं. तिनं हे कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी वसुधाबाई म्हणाल्या, "हात रिकामे ठेवू नकोस. दोन्ही हातांत बाटल्या आहेत. दोन्ही." ओवीनं दोन्ही हात बाटल्यांना दिले.

मुलाखत झाली. पट्टा कपाळावर, समोर तीन माणसं. ओवी बोलत गेली आणि तिचा आवाज भरून आला, कारण तिला खरंच सगळं दिसत होतं. साक्षीनं मान्य केलं. समितीतल्या एका बाईंनी डोळे पुसले.

त्या तापानंतर ओवीनं मुलाखत होईपर्यंत गोष्ट रोजच सुट्टीवर ठेवली होती. ती परतली जुईच्या वाढदिवशी. सुरय्या मुलाणी आली होती. दर वर्षी यायची, मिरजेहून, नवऱ्याचं मोबाईलचं दुकान सांभाळून. शिरखुर्म्याचा डबा आणायची, जुईला मांडीवर घ्यायची आणि थोडा वेळ तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवून बसायची. ते सगळ्यांना माहीत होतं, कुणी काही विचारायचं नाही.

"आई, माझी सांग," जुई मावशीच्या मांडीवरूनच म्हणाली. "मावशीला पण."

ओवी हसत बसली आणि सांगू लागली. घाई, बूट, पेटी. "आणि बाळांना दूध मिळत नव्हतं. मग आईनं काय केलं? सगळ्या आयांना गोळा केलं..."

"सुरय्यामावशीनं," जुई म्हणाली.

"मावशीपण होती की मदतीला. आईनं बाटल्यांवर नावं चिकटवली, निळ्या शाईनं..."

"मावशीनं चिकटवली! आई, तू चुकतेस!"

ओवीनं सुरय्याकडं पाहिलं, पोरीचं काय सांगावं अशा कौतुकानं. सुरय्याच्या हातातला चमचा वाटीतच राहिला होता. क्षणभर तिचा चेहरा तसा झाला जसा तो तेव्हा दवाखान्यातल्या त्या दारात असायचा. मग तिनं जुईच्या केसांतून हात फिरवला.

"होय गं जुई. आईनंच केलं. मी होते मदतीला."

जुईला ते पटलं नाही, पण शेवट जवळ आला होता. तिनं मूठ वर केली. "आता करंगळी."

"कुठली करंगळी?" ओवीनं विचारलं.

स्वयंपाकघरात निनाद केक कापत होता. त्याची सुरी थांबली.

सुरय्या गेल्यावर तो आत आला. "तिच्या तोंडावर, ओवी? त्या बाईचं मूल गेलं होतं. बाकी काय उरलं होतं तिच्याकडं?"

"मला तसंच आठवतंय."

"तूच मला सांगितलंयस दहादा!"

"मला माहीत आहे ते बदललंय. कळतंय मला." ती पलंगावर बसली. "पण आठवणीला विचारलं ना निनाद, की तू बदललीस का, तर ती म्हणते, नाही बाई, मी तर अशीच होते. करंगळीचं काय होतं? सांग."

निनादनं सांगायला सुरुवात केली आणि अडखळला. खिडकीतून हात घातलास, आणि तिनं बोट धरलं. कुठला हात? आधी की नंतर? तो बाहेर बाकावर होता. सुरय्याचं बाळ गेल्यावर ती दारापर्यंतच यायची. ते पाहिलेलं दुसरं कुणी नव्हतं. "मी नुसतं ऐकायचो गं," तो म्हणाला. "अर्धं लक्ष पेपरात. सगळं तर त्या पोरीला पाठ आहे."

ओवी पुन्हा दातांच्या दवाखान्याच्या वर गेली. वसुधाबाईंनी ऐकलं, आणि विचारलं, "पथ्य मोडलंस?"

"ताप होता तिला."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "म्हणजे करंगळी बाटल्यांच्या आठवणीला चिकटली, आणि आपण दोन्ही हात भरून टाकले. परत आणता येतं. पण सांगणारा हवा. तू जशी सांगायचीस अगदी तशी, त्याच शब्दांत. कुणाकडं आहे?"

"जुईकडं."

"वय?"

"चार."

खालून ड्रिलचा आवाज आला आणि थांबला. "त्या वयात फवारा लागत नाही," वसुधाबाई सावकाश म्हणाल्या. "मुलांचं सगळंच ओलं असतं. काय राहतं, काय जातं, कुणी सांगू शकत नाही. दुसरं म्हणजे जूनमध्ये संस्था पुन्हा पट्टा लावते, दाखल व्हायच्या दिवशी. मधल्या काळात आठवण बदलली तर प्रवेश रद्द. तोवर ही पक्की ठेवायची तर रोज एकदा मोठ्यानं सांगायला हवी. ऐकणारं माणूस हवं, भिंतीला सांगून नाही टिकत." त्यांनी कपाटातून एक लहान बाटली काढली. "जून झाल्यावर वापर. एकदाच पुरेल."

निकाल आला, नाव लागलं. संघातल्या बायकांनी पेढे वाटले. निनाद म्हणाला, "सोड हे. आत्ताच सांगू दे पोरीला. घरी बस थोडे दिवस, मी आहे की."

"घरी बसून काय करू? नाक गेलं, खुर्ची जाईल. जुई उद्या विचारेल, आई, तू काय करतेस?" ओवी म्हणाली. "जून काही लांब नाही."

निनादनं ती गोष्ट ऐकायला साफ नकार दिला. "मी त्या बाईला तिचं हिरावलेलं परत करू शकत नाही, निदान हे ऐकणार तरी नाही." मग ऐकणारं एकच माणूस उरलं, आणि ते तर उशी ओढत रोज मागायलाच यायचं.

एका दुपारी ओवीनं फोनवर रेकॉर्डिंग लावून तो उशीखाली ठेवला आणि म्हटलं, "आज तू सांग, बरं. जुनी." ऐकणार नाही, नुसती जपून ठेवेन, असं तिनं ठरवलं होतं. जुईनं मान हलवली. "माझी गोष्ट तू सांगायची असते." ते बरोबरच होतं. तिला गोष्ट सांगता येत नव्हती, फक्त आईची चूक सुधारता येत होती. आणि चूक तर आई रोज करत होती.

सुरुवातीला जुई भांडायची. पायानं अंथरूण झाडायची, "मावशीनं, मावशीनं!" मग नुसतं "चुकलीस" म्हणू लागली. मग उसासा टाकून गप्प बसू लागली, मोठी माणसं टाकतात तसा. ईदला सुरय्याचा डबा आला तो दुकानातल्या पोऱ्याच्या हाती आला. एका दुपारी ओवी "शाई" म्हणून थांबली, तर कुशीतून झोपाळलेला आवाज आला, "निळी."  ओवीनं पुढची गोष्ट घाईनं संपवली. जून तोंडावर आला होता.

डोंगरावर पट्टा पुन्हा लागला. साक्षीनं पुन्हा मान्य केलं. कुणीतरी तिच्या गळ्यात ओळखपत्र घातलं. ओवी त्याच दिवशी सांगलीला परतली, बॅगसुद्धा तिथं न उघडता.

जेवणं झाली होती. निनाद बाहेरच्या खोलीत बसून राहिला, आत आला नाही. ओवीनं न्हाणीघरात जाऊन फवारा घेतला, घसा कडू होईपर्यंत थांबली, आणि जुईशेजारी येऊन पडली. खिडकीचा पडदा ओढला. पोटावर पाय आला.

"माझी सांग."

"आज मला काही म्हणजे काही येत नाही," ओवी म्हणाली. "डोकं रिकामं झालंय. तू शिकव ना मला. एकदाच."

जुईनं कोपरावर उठून आईच्या तोंडाकडं पाहिलं. आईला खरंच येत नाही हे तिला दिसलं असावं. ती मांडी घालून बसली, शाळेतल्या बाईंसारखी.

"मला घाई झाली," ती म्हणाली. "मी बुटाएवढी होते."

"डाव्या," ओवी पुटपुटली.

"डाव्या. मला काचेच्या पेटीत ठेवलं. बाबा बाहेर बाकावर. आणि आई..." जुई थांबली. ओवीनं डोळे मिटले. सगळं ओलं झालं होतं, ती खोली, तो उजेड, आणि कुठंतरी खोलवर काचेला एक गोल खिडकी असल्यासारखं वाटत होतं. "आणि आई इकडून तिकडं पळत होती. तिनं सगळ्या आयांना बोलावलं. निळ्या शाईनं नावं लिहिली."

"जुई." ओवीनं डावा हात पुढं केला, करंगळी तिच्या तळहाताला टेकवली. "आणि शेवटी? आई पेटीजवळ आली ना? मग तू काय केलंस?"

जुईनं त्या करंगळीकडं पाहिलं. आई कुठंतरी अडली आहे एवढं तिला कळलं. तिनं तो हात उचलला, प्रेमानं आईच्या पोटावर नीट ठेवला आणि वरून थोपटलं.

"नाही गं आई," ती म्हणाली. "तुझे दोन्ही हात कामात होते."